आकाशांतील उत्पातांच्या नोंदी व त्यांचें परीक्षण

(१)

जुन्या दप्तरांत, शकावल्यांत आणि पोथ्यांच्या कोऱ्या पानांवर केलेल्या टांचणांत, आकाशांत दिसलेल्या अद्भुत तेजाच्या नोंदी मधून मधून आढळतात. उल्कापात झाला, दिशा पेटल्या, शेंडेनक्षत्र उगवलें, ह्यापलीकडे त्यांत बहुधा फारसें कांहीं नसतें. ह्या नोंदींची वाट संशोधक दोन प्रकारांनीं लावीत आले आहेत. कोणी त्यांना लेखकाच्या भाविकपणाचें लक्षण समजून छापतांना गाळून टाकतात. कोणी त्या जशाच्या तशा स्वीकारतात आणि पुढील मजकुरांतील मृत्यु, युद्ध अगर दुष्काळ ह्यांशीं त्यांचें नातें जोडून मोकळे होतात. दोन्ही रीतींत मूळ नोंद वाचावयाचीच राहून जाते.

वस्तुतः अशी नोंद ही कोणीतरी कोणे एके रात्रीं डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीची साक्ष असते, आणि इतर कोणत्याही साक्षीप्रमाणें तिची उलटतपासणी करतां येते. तिथि, वेळ, दिशा, अवधि आणि खालीं पडलेली वस्तु, ह्या पांचांपैकीं दोन-तीन गोष्टी जरी नोंदींत असल्या तरी पाहणाऱ्यानें काय पाहिलें हें आज पुष्कळदां निश्चयानें सांगतां येतें. त्या नसल्या तर नोंद कायमची मुकी राहते. हें कांहीं निश्चित उदाहरणांनीं दाखवावें, आणि त्यावरून संग्राहकांनीं काय जपावें हें सुचवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रारंभ आपल्या डोळ्यांसमोर घडलेल्या एका प्रसंगानें करणें सोयीचें होईल. कारण त्याचा निर्णय पूर्णपणें लागलेला असल्यामुळें तो इतर नोंदींस मापाच्या काठीसारखा लावतां येतो.

(२)

शके १९४४, शुभकृत् संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, शनिवार, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजीं, सायंकाळीं पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश, मराठवाडा व लगतचा मध्यप्रदेश एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांतील हजारों लोकांनीं आकाशांतून अग्नीच्या कांहीं रेषा एकापाठोपाठ एक सरकत जातांना पाहिल्या. पाडव्याची सायंकाळ असल्यामुळें लोक घराबाहेर होते. आदल्याच दिवशीं अमावास्या संपलेली असल्यामुळें चंद्रप्रकाश जवळजवळ नव्हता. तेजाचे तुकडे एकमेकांस समांतर राहून, घाई न करतां, लांब शेपट्या ओढीत चालले होते. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांतल्या लाडबोरी गांवीं धातूचें एक मोठें कडें सांपडलें. त्याचा व्यास सुमारें ३ मीटर व वजन सुमारें ४० किलो भरलें. पुढील दिवसांत त्याच तालुक्यांत धातूचे पोकळ गोळेही मिळाले. ह्या वस्तु पोलिसांनीं ताब्यांत घेतल्या, आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनीं येऊन त्यांची पाहणी केली.

त्या रात्रीं निरनिराळीं अनुमानें प्रचारांत आलीं. कोणी उल्कावर्षाव म्हटलें. त्याच दिवशीं न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन नांवाचा एक अग्निबाण उडालेला असल्यामुळें त्याचा हा भाग असावा, असें कांहीं जाणत्यांनीं सुचविलें. कोणी विमान पेटलें असें समजले, आणि नववर्षाच्या पहिल्याच रात्रीं अग्नि पाहिला म्हणून धसका घेणारेही थोडे नव्हते. परंतु कक्षेंतील वस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या तज्ज्ञांनीं वेळ व मार्ग ताडून पाहिला, तेव्हां हें तेज चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' जातीच्या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचें ठरलें. तो अग्निबाण फेब्रुवारी २०२१ मध्यें उडाला होता. त्याचा रिकामा टप्पा वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोंवतीं फिरत राहून हळूहळू खालीं आला, आणि पाडव्याच्या सायंकाळीं आपल्या डोक्यावर वातावरणांत शिरून जळाला.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हा निर्णय केवळ तेजाच्या वर्णनावरून लागला नाहीं. वर्णनें तर परस्परविरोधी होतीं. निर्णय लागला तो अचूक वेळेवरून, मार्गाच्या दिशेवरून, अवधीवरून आणि हातीं लागलेल्या वस्तूवरून. नैसर्गिक उल्का सेकंदास ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंतच्या वेगानें वातावरणांत शिरते, आणि बहुधा दोनचार सेकंदांतच विझते. पृथ्वीभोंवतीं फिरणारी मानवनिर्मित वस्तु सेकंदास सुमारें ८ किलोमीटर वेगानें आणि अत्यंत सपाट उतारानें शिरते. म्हणून तिचें जळणें मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक चालतें, व तिचे तुकडे एका मार्गानें समांतर जातात. एतावता 'सावकाश चाललें होतें' हे तीन शब्द पुष्कळ उपमांहून अधिक मोलाचे आहेत.

(३)

ह्या प्रसंगाची साक्ष कशी दूषित होते ह्याचा अनुभव प्रस्तुत लेखकास स्वतः आला, तो सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. त्या रात्रीं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं चौघांनीं, जे नोकरीनिमित्त विदर्भांत व खानदेशांत होते, मला दूरध्वनीवरून हें वर्तमान कळविलें. एकानें सात दिवे म्हटले, दुसऱ्यानें एकच मोठी ज्योत म्हटली. एकाच्या मतें दृश्य दहा मिनिटें टिकलें, दुसऱ्याच्या मतें डोळा लवतो न लवतो तोंच संपलें. चौघांचें एका बाबतींत मात्र एकमत होतें: वस्तु आपल्याच गांवापलीकडच्या टेंकडीमागें पडली असें प्रत्येकाला वाटलें.

हा शेवटचा भ्रम फार जुना व सार्वत्रिक आहे, आणि त्याचें कारण साध्या त्रिकोणमितींत आहे. भूमीपासून ८० किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तु क्षितिजाच्या वर दहा अंशांवर दिसत असेल, तर ती पाहणाऱ्यापासून सुमारें ४०० किलोमीटर दूर असते. डोळ्याला तें अंतर कळत नाहीं. तो तिला ओळखीच्या झाडामागें किंवा डोंगरामागें नेऊन ठेवतो. म्हणून जुन्या कागदांत अमक्या गांवच्या माळावर तारा पडला असें लिहिलेलें असलें, तरी वस्तु सांपडल्याचा उल्लेख नसेल तेथें त्या गांवास उल्कापाताचें स्थळ मानूं नये. तें पाहणाऱ्याचें स्थळ मानावें.

चौघांपैकीं दोघांनीं चलच्चित्रें घेतलीं होतीं. तीं जपून ठेवा असें मीं सांगितलें, आणि त्यावर निश्चिंत राहिलों. वर्षभरानें मागितलीं तेव्हां एकाचा दूरध्वनि बदलला होता आणि दुसऱ्यानें जागा होत नाहीं म्हणून चित्रें पुसून टाकलीं होतीं. मग मीं माझी स्वतःची दैनंदिनी काढली. तींत त्या दिवसाखालीं मजकूर निघाला तो इतकाच, कीं पाडव्यास आकाशांत तेज दिसल्याचें वर्तमान आलें. वेळ नाहीं, दिशा नाहीं, कोणी कोठून पाहिलें तें नाहीं. जुन्या टांचणकारांनीं अर्धवट नोंदी केल्या म्हणून वर्गांत ज्यांना आयुष्यभर दोष दिला, त्यांच्याहून रतिभर अधिक कांहीं मीं केलें नव्हतें. ही लाज वाटल्यावरच ह्या विषयाच्या अभ्यासास खरा आरंभ झाला.

(४)

आपल्या शास्त्रकारांनीं ह्या बाबतींत कांहींच व्यवस्था केली नव्हती असें मात्र नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचलेल्या बृहत्संहितेंत उत्पातांचे दिव्य, आंतरिक्ष व भौम असे तीन वर्ग केले आहेत. ग्रहनक्षत्रांचे विकार ते दिव्य. उल्का, निर्घात, परिवेष, गंधर्वनगर, इंद्रधनुष्य इत्यादि आंतरिक्ष. आणि भूमीवरील स्थावरजंगमांपासून उद्भवणारे ते भौम. त्याच ग्रंथाच्या उल्कालक्षणाध्यायांत पडणाऱ्या तेजाचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पांच प्रकार सांगितले आहेत.

ह्या पांचांचीं लक्षणें फलादेश बाजूस ठेवून वाचलीं तर तीं निरीक्षणें आहेत हें तत्काळ ध्यानांत येतें. तारा हातभर लांब, शुभ्र किंवा तांबूस, कोणी ओढीत असल्याप्रमाणें तिरपी जाणारी. ही आपली नित्याची लहान उल्का. धिष्ण्या कृश, अल्प पुच्छाची, पेटल्या निखाऱ्यासारखी. उल्का डोक्याशीं विशाल, पडतां पडतां वाढणारी आणि बारीक शेपटीची. हिला आज अग्निगोल म्हणतात. अशनि मोठ्या शब्दासह चक्राप्रमाणें येऊन मनुष्यें, पशु, पाषाण, घरें व वृक्ष ह्यांवर आदळते आणि भूमि विदारण करते. विद्युत् तडतडाट करीत प्राण्यांवर व काष्ठांच्या राशींवर पडते. म्हणजे आवाज झाला कीं नाहीं, वस्तु भूमीस लागली कीं नाहीं, आकार वाढला कीं नाहीं, ह्या गोष्टी विचारावयाच्या असतात हें त्या काळींही माहीत होतें.

फलाचा काळही शास्त्रानें ठरवून दिला आहे: उल्का व धिष्ण्या ह्यांस एक पक्ष, अशनीस तीन पक्ष, विद्युत् व तारा ह्यांस सहा दिवस. संशोधकाच्या दृष्टीनें ह्या नियमाचें महत्त्व निराळें आहे. ज्यास हा नियम पाठ आहे असा लेखक एखाद्या थोर मृत्यूची नोंद करतांना त्याच्या मागील पक्षांत उत्पात शोधणार, आणि न मिळाल्यास दूरचा उत्पात जवळ ओढणार. म्हणून बखरींतील उत्पातांची तिथि आणि तटस्थ टांचणांतील उत्पातांची तिथि ह्यांस सारखेंच वजन देतां येत नाहीं.

(५)

ह्याचें उत्तम उदाहरण सभासदाच्या बखरींत आहे. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें ही बखर लिहिली. तिचा काळ सामान्यतः इ. स. १६९७ धरतात. शिवाजी महाराजांच्या निधनाच्या दिवशीं घडलेल्या उत्पातांची जी माळ तींत दिली आहे ती वाचकांस परिचितच आहे: भूकंप, धूमकेतूचा उदय, उल्कापात, रात्रीं निघालेलीं जोड इंद्रधनुष्यें, आठही दिशांचा दाह, आणि शंभुमहादेवाच्या तळ्याचें पाणी लाल होणें.

महाराजांचें निधन शके १६०२, रौद्र संवत्सर, चैत्र शुद्ध १५ रोजीं, जुन्या पद्धतीच्या ३ एप्रिल १६८० ला झालें. जगाच्या वेधनोंदींत १६८० चा म्हणून जो विख्यात धूमकेतु आहे, तो जर्मनींत गॉटफ्रीड कीर्श ह्यानें नव्या पद्धतीच्या १४ नोव्हेंबर १६८० रोजीं दुर्बिणींतून प्रथम पाहिला. दुर्बिणीनें शोधलेला हा पहिलाच धूमकेतु. डिसेंबरच्या १८ तारखेस तो सूर्याच्या अत्यंत निकट गेला, आणि त्यानंतर त्याची प्रचंड शेपटी नुसत्या डोळ्यांनीं सर्व पृथ्वीवर दिसली. ह्याच्याच वेधांचा न्यूटननें १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथांत उपयोग केला. म्हणजे निधन आणि धूमकेतूचें दर्शन ह्यांत सात महिन्यांहून अधिक अंतर पडतें.

ह्यावरून सभासदानें कल्पित लिहिलें असें म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. शके १६०२ हें वर्ष मार्च १६८१ पर्यंत चाललें. एतावता महाराजांचें निधन आणि तो महान् धूमकेतु, हे दोन्ही एकाच रौद्र संवत्सरांत पडतात. शकावली पद्धतीनें वर्षवार टिपण ठेवणाऱ्याच्या कागदावर हीं दोन्ही कलमें एकाच शकाखालीं आलीं असतीं. सुमारें सतरा वर्षांनीं आठवणीवरून किंवा अशा टिपणावरून लिहितांना 'त्या वर्षीं' ह्याचें 'त्या दिवशीं' व्हावें, हें अगदीं स्वाभाविक आहे. हा माझा तर्क आहे. परंतु तो ग्राह्य धरला तर बखरीची साक्ष खोटी ठरत नाहीं, तिचें माप मात्र कळतें. सभासद तेज खरें सांगतो आणि तिथि सैल सांगतो. बखरींतील इतर प्रसंगांच्या कालनिर्णयासही हें माप उपयोगी पडावें.

रात्रींच्या इंद्रधनुष्याविषयीं एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. चंद्रप्रकाशानें पडणारें धनुष्य दिसण्यास चंद्र पूर्णिमेच्या आसपासचा, क्षितिजापासून ४२ अंशांच्या आंत आणि समोर पाऊस असावा लागतो. निधनाची तिथि पूर्णिमाच होती. तेवढ्यानें तें दृश्य घडलेंच असें सिद्ध होत नाहीं. पण हें एक कलम त्या तिथीस विसंगत नाहीं, आणि धूमकेतूचें आहे. उत्पातांची माळ एकदम स्वीकारण्यापेक्षां किंवा एकदम फेंकण्यापेक्षां एकेक कलम निरनिराळें तपासावें, तें ह्याचसाठीं.

(६)

दिग्दाह ह्या शब्दाचा प्रकार आणखी सूक्ष्म आहे. दिशा लाल होऊन पेटल्यासारखी दिसणें हा त्याचा अर्थ. वणवा, धुळीचें वादळ आणि सूर्यास्ताची असाधारण लाली हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. ऑगस्ट १८८३ मध्यें क्राकाटोआच्या ज्वालामुखीचा स्फोट झाल्यावर त्याच्या सूक्ष्म रजामुळें पृथ्वीवर सर्वत्र दीर्घकाळ विलक्षण लाल संधिप्रकाश दिसत होता. शके १८०५ च्या उत्तरार्धांतील दिग्दाहाची नोंद आढळल्यास प्रथम हेंच कारण मनांत आणावें.

परंतु ह्याहून दुर्मिळ असें एक कारण आहे. उत्तर ध्रुवाकडे दिसणारा मेरुप्रकाश आपल्या अक्षांशांवर सहसा येत नाहीं. तथापि ४ फेब्रुवारी १८७२, रविवारच्या रात्रीं, शके १७९३ च्या पौष वद्य पक्षांत, तो खुद्द मुंबईस दिसल्याची बातमी तेथील इंग्रजी वृत्तपत्रानें दिली आहे. सूर्यावरील प्रचंड क्षोभाचा तो परिणाम होता. कुलाब्याच्या वेधशाळेंत चुंबकसूच्यांच्या हालचालींची नोंद होत असे. तेथें त्या वेळीं मोठा विक्षोभ नोंदला गेला, आणि समुद्रांतील तारायंत्राच्या कामांतही व्यत्यय आला. नगर व मुंबई हीं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. तेव्हां त्या रात्रीं दक्षिणेंतील एखाद्या भिक्षुकानें पंचांगाच्या कडेला उत्तरेस आग दिसली एवढेंच लिहून ठेवलें असेल, तर तें वाक्य आज जगांतील खगोलशास्त्रज्ञांस हवें आहे. हल्लींच्या काळांत जपानी संशोधकांनीं देशोदेशींचे असेच जुने उल्लेख गोळा करून त्या रात्रींच्या क्षोभाचें माप काढण्याचा उद्योग केला आहे. त्यांच्या हातीं चिनी व जपानी दप्तरांतून मजकूर लागतो. आमचीं पंचांगें मात्र रद्दींत जातात.

(७)

आतां जेथें वस्तु हातीं लागते अशा नोंदींकडे वळूं. ह्याचा आदर्श मोगल दप्तरांत आहे. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत १६२१ सालच्या एप्रिलांतील एक प्रसंग लिहिला आहे. जालंदर परगण्यांतील एका गांवीं पहांटे पूर्वेकडून मोठा आवाज झाला, तेज खालीं आलें, आणि दहाबारा गज भूमि जळून गेली. तेथील अंमलदारानें जागा खणविली, तेव्हां तप्त लोखंडाचा गोळा निघाला. तो दरबारीं आल्यावर त्याचें वजन केलें तें १६० तोळे भरलें. उस्ताद दाऊद ह्यानें त्यांत साधें लोखंड मिसळून दोन तरवारी, एक खंजीर व एक सुरी केली. दिशा, वेळ, आवाज, भूमीची स्थिति, वस्तूचें वजन आणि तिचा विनियोग ह्या सर्व गोष्टी ह्या एका टिपणांत आहेत. लाडबोरीच्या कड्याविषयीं वृत्तपत्रांनीं जी माहिती दिली तिच्याहून हें टिपण कोणत्याही अंगानें उणें नाहीं.

आमच्या जिल्ह्यापुरतें पाहिलें तर ह्या प्रकारचें एक प्रकरण जगाच्या उल्कापाषाणांच्या सूचींत आहे, आणि तें जिल्ह्यांतील फार थोड्यांस ठाऊक असावें. ५ ऑक्टोबर १८६६ रोजीं अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांत एक पाषाण पडला. त्याचें नांव सूचींत 'जामखेर' असें आहे. हें आपलें जामखेड होय. ड आणि र ह्यांचा घोटाळा इंग्रजी लेखनांत त्या काळीं नित्य होई. मोडी वाचणारास तो नवा नाहीं. हा पाषाण साध्या कॉन्ड्राइट वर्गांतील, 'एच ६' प्रतीचा, म्हणजे लोहाचें प्रमाण अधिक असलेला व मूळच्या गोळ्यावर उष्णतेचा बराच संस्कार झालेला असा आहे. जतन होऊन राहिलेला अंश अत्यल्प आहे.

त्या तारखेस शके १७८८ चा भाद्रपद वद्य पक्ष, म्हणजे पितृपंधरवडा चालू होता. पितृपक्षांत आकाशांतून दगड पडला, ही गोष्ट त्या भागांतील कोणाही लिहित्या माणसास लिहून ठेवण्यासारखी वाटली असली पाहिजे. पाटील-कुलकर्ण्यांचीं दप्तरें, सावकारांच्या कीर्दी, जोश्यांचीं पंचांगें हीं सर्व त्या काळांत चालू होतीं. जामखेड, खर्डा, कर्जत, आष्टी, पाटोदा ह्या टापूंतील ज्या घराण्यांत शके १७८८ चे कागद असतील, त्यांनीं भाद्रपद वद्याचीं पानें एकवार डोळ्यांखालून घालावीं. इंग्रजी सूचींत एका ओळींत आटोपलेल्या प्रकरणास मराठी साक्षीदार मिळाला तर त्याचें मोल फार होईल.

(८)

अशा नोंदी वाचतांना कालगणनेची एक अडचण पदोपदीं येते, आणि ती रात्रींच्या घटनेसच विशेष बाधते. आपला वार सूर्योदयास बदलतो; हिजरी तारीख सूर्यास्तास बदलते; इंग्रजी तारीख मध्यरात्रीं बदलते. समजा, रविवार उलटून मध्यरात्रीनंतर तीन वाजतां तेज दिसलें. पंचांगवाला तें रविवारींच लिहील, इंग्रज सोमवारीं लिहील, आणि पेशवाई कागदांत 'छ' घालून चंद्र देणारा कारकून रविवारच्या सूर्यास्तानंतर लागलेली नवी तारीख लिहील. तिन्ही नोंदी खऱ्या असून तीन निराळ्या रात्रींच्या वाटतात. सतराव्या शतकांत गोव्याचे पोर्तुगीज नव्या पद्धतीनें आणि सुरत-मुंबईचे इंग्रज जुन्या पद्धतीनें तारीख देत, म्हणून त्यांत आणखी दहा दिवसांचा फरक पडतो. इंग्रजांनीं नवी पद्धत १७५२ मध्यें घेतली. ज्या नोंदींत प्रहर किंवा घटिका दिली आहे तेथें हा गोंधळ बहुतेक सुटतो. एक घटिका म्हणजे २४ मिनिटें. 'चार घटिका रात्र गेली असतां' एवढ्या शब्दांवरून दीड तासाचा हिशेब बसतो.

नव्या काळानें ह्यांत नवीन जातीच्या दीप्तींची भर घातली आहे. २०१९ पासून एका वेळीं अनेक कृत्रिम उपग्रह सोडले जाऊं लागले, आणि सोडल्यानंतरच्या पहिल्या रात्रींत ते एका रेषेंत, न लुकलुकतां, एकामागून एक जातांना दिसतात. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडीं बीड व पुणे जिल्ह्यांतील गांवांवर रात्रीं ड्रोन घिरट्या घालतात म्हणून लोकांनीं जागरणें केलीं, पहारे बसविले. पन्नास वर्षांनीं ह्या दोन्ही गोष्टी कोणाच्या तरी वहींत 'आकाशांत दिवे दिसले' अशा एकाच वाक्यांत आढळतील. तेव्हांच्या वाचकानें त्या ओळखाव्या असें वाटत असेल, तर आज लिहिणाऱ्यानें दिव्यांची संख्या, चाल, आवाज आणि वेळ लिहिली पाहिजे.

(९)

सारांश, संग्राहकांस माझी विनंति अशी आहे. पोथी विकत घेतांना किंवा बांधणीस देतांना तिचीं कोरीं पानें, आवरणाचे कागद आणि समासांतील लेखन काढून टाकूं नये. जुनीं पंचांगें ग्रंथ नव्हत म्हणून टाकूं नयेत. दररोज हाताळलें जाणारें असें घरांत दुसरें पुस्तक नसे, म्हणून टांचणें त्यांवरच सांपडतात. उत्पाताची नोंद छापतांना ती गाळूं नये, आणि तिच्या आधींचें व नंतरचें एकेक कलम अवश्य द्यावें. कारण शेजारच्या कलमांवरूनच ती त्याच रात्रीं लिहिली कीं मागाहून जोडली हें कळतें. शाई व हात बदलला असल्यास तेंही सांगावें. वर्णनांतील शब्द जसाचा तसा ठेवावा; 'तारा' असेल तेथें 'उल्का' असा सुधारून छापूं नये, कारण मूळ लेखकानें तो भेद जाणून केलेला असूं शकतो.

आणि जो प्रसंग आपल्याच डोळ्यांपुढें घडेल त्याची वेळ, दिशा, अवधि, आपण उभे होतों तें ठिकाण आणि आवाज ह्या पांच गोष्टी त्याच रात्रीं शाईनें कागदावर लिहाव्या. मला हें करावयास सुचलें नाहीं. ज्या विद्यार्थ्यांनीं तें तेज पाहिलें त्यांना आतां विचारावें तर ते एकमेकांचें ऐकून एकच गोष्ट सांगूं लागले आहेत; सात दिवे म्हणणारा आणि एकच ज्योत म्हणणारा, दोघेही आतां 'रांगेनें दिवे' म्हणतात. अवघ्या कांहीं वर्षांत जी गत चार सुशिक्षित साक्षीदारांची झाली, ती सभासदाची सतरा वर्षांत झाली असल्यास त्यांत नवल तें काय? शके १७८८ च्या भाद्रपद वद्याचा किंवा शके १७९३ च्या पौष वद्याचा कोणताही कागद ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं तो पाहून त्यांतील मजकूर मंडळास कळवावा, ही प्रार्थना.